रकान्यातलं ‘नाही’

तीस वर्षं मी नागपुरात सरकारी कचेरीत कारकुनी केली. त्या नोकरीत एक गोष्ट अंगात मुरली: कागदावर लिहिलं ते लिहिलं, तोंडाने त्याच्या उलट बोलायचं नाही. बोललं की फाइल अडकते. यालाच मी हुशारी समजत होतो.

बँकॉकच्या सहलीआधी प्रवासविम्याचा अर्ज अर्थातच मी भरला. ‘पूर्वीचा आजार’ या रकान्यात बायकोच्या नावापुढे ‘नाही’ लिहिलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या हृदयात स्टेंट बसवला होता, रक्त पातळ ठेवणारी गोळी ती रोज घेत होती. पण खरं लिहून नसती झंझट कोण मागे लावून घेणार? वर मुलीपुढे शेखी मिरवली की असे फॉर्म भरण्यात हयात गेली आपली.

तिसऱ्या दिवशी एका देवळाच्या ओल्या पायऱ्यांवर ती घसरली. डोकं दगडावर आपटलं. गाइडने आम्हाला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली आणि मला इंग्रजीत विचारलं, रक्त पातळ करणारं काही औषध चालू आहे का?

मी ‘नो’ म्हणालो.

गडबडीत नाही, विचार करून म्हणालो. विम्याचा कागद माझ्या हातात होता आणि त्यावर ‘नाही’ होतं. बायकोला इंग्रजी येत नाही. कपाळावर कापूस दाबून धरत तिने विचारलं, ‘‘काय विचारून राहिल्या जी त्या?’’

‘‘काही नाही. तुझं वय विचारलं.’’

टाके घालून त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. मी खाटेशेजारी बसून राहिलो. समोर घड्याळ होतं, म्हणून नक्की सांगता येतं: वीस मिनिटं. बायको डोळे मिटून पडली होती आणि मी वीस मिनिटं फाइल सांभाळत होतो. मग तिला ओकारी झाली. माझ्याकडे बघून तिने मुलीच्या नावाने हाक मारली. तेव्हा कुठे मी उठलो, धावत जाऊन सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पळत सुटल्या. मला स्वतःची किळस आली.

डोक्यात रक्त साकळायला लागलं होतं. ती वाचली, यात माझं काहीच नाही.

आता घरी बघायला लोक येतात. ती प्रत्येकाला सांगते, ‘‘मले तं काही सुधरतच नव्हतं. यायनंच धावत जाऊन डॉक्टरले गोळीचं सांगितलं, म्हणून वाचली मी.’’

परवा शेजारच्या बाई तिला म्हणाल्या, ‘‘नशीबवान हायेस वं तू.’’

ती माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो.