म्हात्रेसरांच्या आवाजातला फोन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाय. आईला नाय, दोस्तांना नाय. तुला सांगतोय, आणि कुणाचाही आवाज न काढता सांगतोय — माझ्यासाठी हे सोपं नाय, हसू नको.

मी नकला करतो. बोर्लीच्या शाळेत हेडमास्तरांची केली, मार खाल्ला. मग मारताना हेडमास्तर कसे धापा टाकतात, त्याची केली. नोकरी लागली अलिबागला, एका छोट्या ऑफिसात. काम ऐकून मामा म्हणाला, "युरोपचा गॅस सांभाळणार तू? घरातला सिलिंडर तरी बदलता येतो काय रे?"

काम असं — एका देशातनं दुसऱ्या देशात गॅस न्यायचा, तर सीमेवरच्या पाइपलाइनमध्ये जागा आधी घ्यायला लागते. ऑनलाइन लिलावात. दिघीच्या फेरीबोटीत टेम्पोला जागा लागते ना, तसंच समज. नको असेल तर घेतलेली जागा परत लिलावात टाकता येते. लिलाव सुरू होईपर्यंत विचार बदलला तरी चालतं. पण सुरू झाला आणि दुसऱ्याने उचलली, की संपलं. तू बस टेम्पो घेऊन धक्क्यावर.

हे मला ऑफिसातल्या कुंदाताईंनी शिकवलं. चौलच्या त्या. "मेल्या, त्यांच्या गॅसचा दिवस सकाळी सहाला उजाडतो, थंडीत तेव्हा आपले साडेदहा. घोकून ठेव." माझ्या नकलांना सगळ्यात मोठ्याने हसायच्या त्या. म्हात्रेसर, म्हणजे आमचे मॅनेजर — त्यांची सुरू केली की ताई आधी डबा बंद करायच्या. ठसका लागतो म्हणून.

जागा परत टाकायची तर सरांचा मेल पाहिजे, असा नियम. पण सर फोनवरच सांगायचे — "करून टाका, मेल मागनं टाकतो." मेल संध्याकाळी यायचा. सगळ्यांनाच सवय झालेली.

त्या सोमवारी ताई घरनं काम करत होत्या. मुलीला ताप होता. सर खाली चहाला गेलेले. ऑफिसात मी एकटा. सरांच्या टेबलावरनं मी ताईंना फोन लावला — का? ऐकायला पण कुणी नव्हतं. जेवताना सगळ्यांना किस्सा सांगायचा, एवढंच डोक्यात. घसा खाकरला. "कुंदाताई, पुढच्या महिन्याची सगळी जागा परत टाका. मेल मागनं टाकतो."

मला वाटलं, दचकतील, काहीतरी विचारतील, मग मला हसू फुटेल. त्या म्हणाल्या, "हो सर." आणि ठेवला.

लगेच परत लावणार होतो — तर सर जिना चढून आले.

बारा वाजता स्क्रीनवर बघितलं. जागा परत टाकलेली. लिलाव दीडला. दीड तास होता माझ्याकडे, कळतंय का? मोबाईल घेऊन जिन्यात गेलो, त्यांचा नंबर काढला. "ताई, तो मी होतो." चार शब्द. त्यांनी शिव्या घातल्या असत्या, एका क्लिकमध्ये जागा मागे घेतली असती, आणि सरांना पत्ताही लागला नसता. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी नाय लावला. ज्या माझ्यावर एवढं हसतात त्या चिडतील, ते नको होतं मला. बस. एवढंच कारण.

तिकडे कडाक्याची थंडी. आमची जागा काही मिनिटांत गेली. ज्या पार्टीसाठी ती घेतलेली, तिचा गॅस आता पुढचा महिनाभर सीमेच्या अलीकडे अडकणार, रोजच्या रोज महागात जागा घ्यायला लागणार. तिकडनं फोनवर फोन.

मंगळवारी ताई ऑफिसात आल्या. म्हणाल्या, "सर, तुमच्याच टेबलावरनं फोन होता. तुमचाच आवाज." सर म्हणाले, "मेल दाखवा." मेल कुठला असणार? सरांनी आपली सवय कबूल केली नाय — ते त्यांचं. मी माझं सांगतोय.

दुपारी ताईंनी मला बाजूला घेतलं. हळूच विचारलं, "मेल्या, खरं सांग. तू नव्हतास ना?"

"आईशप्पथ ताई. मी कशाला?"

त्यांच्या डोळ्यांत बघून बोललो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी सरांनाही माझाच संशय आला, तेव्हा ताईच मधे पडल्या — "त्याला मी विचारलंय. तो असं नाय करणार." त्या आठवड्यात त्यांना काढलं. पत्रात लिहिलं, परवानगीशिवाय परस्पर व्यवहार. तसलं पत्र बघून दुसरीकडे कोण घेणार?

त्यांचं काम आता मी करतो. पगारही वाढला.

मागच्या महिन्यात रेवदंड्याला गेलेलो. ताई झेरॉक्सच्या दुकानात कामाला. मला बघून बाहेर आल्या, तब्येत विचारली, आईची चौकशी केली. मग म्हणाल्या, "सरांची कर की रे. किती दिवस झाले हसून."

मी केली. तिथेच, रस्त्यावर. ताई पोट धरून हसल्या. झेरॉक्सला आलेली दोन माणसंही हसायला लागली. तिथे थांबायला हवं होतं. त्या हसत होत्या, म्हणून मी अजून केली.