तीन महिन्यांत काय कळतं?

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या लायब्ररीत दर शनिवारी सिनेमे दाखवणाऱ्या हेमाकाकूंना नसत्या प्रश्नांची भारी खोड. त्या दिवशी तिथल्याच वर्णभेदावरचा एका डॅनिश दिग्दर्शकाचा सिनेमा संपला आणि त्यांचा शेजारी टॉम उखडलाच, "इथे जेमतेम तीन महिने राहून याला आमचा देश काय डोंबल कळणार?"

काकूंनाही ते पटलं. पण मग देश कळायला लागतात तरी किती दिवस? हाच किडा डोक्यात घेऊन त्या घरी निघाल्या. सिग्नलला एक काळा माणूस गाडीजवळून रस्ता ओलांडू लागला, तसं काकूंचं बोट आपसूक बटणावर गेलं. चारही दारं खट्कन लॉक.

हे त्यांना नवऱ्यानं शिकवलं होतं. अमेरिकेत उतरल्यावर चौथ्या दिवशी. गाडी चालवायला त्या दोन वर्षांनी शिकल्या.