खंडेनवमीला मोजलेला वेग

लॅपटॉपवरची फाईल जागची हलेना, साहेबांनी उघडलेल्या पेनाचं टोपण परत लावलं आणि माझ्या सुनेचा चेहरा पांढराफटक पडला.

"मॅडम," साहेब म्हणाले, "ही फाईल डोक्यावर घेऊन चालत निघालो असतो, तर एव्हाना पोचलो असतो."

गाळा नऱ्ह्याचा, दिवस खंडेनवमीचा. खराडीतली चांगली नोकरी सोडून सुनेनं पॅनेल बनवायचा धंदा काढला होता. पॅनेल म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारी, तारांनी भरलेली लोखंडी कपाटं. हे तिचं पहिलं काम. साहेब सोलापूर रस्त्यावरच्या एका डेअरीचे. त्यांची सही झाली तर कपाटं दसरा झाल्यावर डेअरीत जाणार. नाही झाली, तर पहिल्याच कामात नापास झालेल्या बाईला दुसरं काम कोण देतंय?

मी चौथी शिकलेली, पण काय मोजायचं होतं तेवढं मला कळलं होतं. डेअरीतल्या यंत्रांच्या तारांचं जाळं वेगळं, ऑफिसचं वेगळं. ऑफिसातली घाण यंत्रांत जाऊ नये म्हणून मधे एक पेटी. थोडक्यात, सोवळं-ओवळं. यंत्रांनी दुधाची सगळी नोंद त्या पेटीतून ऑफिसला पाठवायची, आणि ती ठरल्या वेगानं जाते का ते साहेब बघणार. सकाळी सुनेनं एक मोठी फाईल पाठवून स्वतः मोजलं, तेव्हा मी नैवेद्याचं ताट मांडेपर्यंत फाईल पलीकडे गेलीसुद्धा होती.

मग साहेब आले आणि म्हणाले, आधी पूजा, मग काम. मी सांगितलं की पूजा झाल्यावर हत्यारं वापरत नाहीत, त्यांना त्या दिवशी सुट्टी असते. साहेब म्हणाले, आजी, आमच्या गाई सुट्टी घेत नाहीत.

सुनेनं मोजायच्या तारासुद्धा काढून पक्कड-पेचकसांच्या शेजारी पूजेला मांडल्या आणि मान म्हणून कुंकवाची वाटी साहेबांच्याच हातात दिली. लोखंडावर टिकावं म्हणून कुंकू आम्ही तेलात कालवतो. साहेबांनी कपाटांना लावलं, पेटीला लावलं, टेबलफॅनला लावलं, माझ्या चष्म्याच्या डबीला लावलं. तारांच्या टोकांनाही सोडलं नाही. कसून काम करणाऱ्या माणसांची मला भीतीच वाटते.

पूजेनंतर सुनेनं तारा परत जोडल्या आणि फाईल रांगायला लागली. तिनं लॅपटॉप बंद करून चालू केला. पेटी बंद करून चालू केली. मी विचारलं, सुट्टीच घेतली वाटतं यांनी? तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी गप पेढा तोंडात टाकला.

शेवटी तिनं एक तार उपसली, टोक उजेडात धरलं आणि झटकन मूठ मिटली. मला दिसायचं ते दिसलं होतं.

"तार बदलून बघते," ती म्हणाली.

"का? तारेला काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"जुनी झाली असेल."

"सकाळी फोनवर तर म्हणालात, सगळं सामान नवं कोरं आहे."

सुनेनं मूठ आणखी आवळली. ज्याची सही हवी त्यालाच कसं सांगणार? म्हणून मी सांगितलं.

"अहो, तुमचं कुंकू लागलंय त्याला. उघड गं मूठ."

तिनं उघडली. साहेबांनी तारेकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटाकडे. ते अजून लालच होतं. सून हळू आवाजात म्हणाली, आत आठ बारीक तारा असतात, त्यातल्या चारच टेकल्या तरी काम चालतं, पण असं रडत.

"टोकांना लावायचं नसतं, असं कुणी बोललं नाही मला," साहेब म्हणाले.

"तुम्ही बोलू देत होतात का?" मी म्हटलं. सुनेनं डोळे मिटून घेतले.

सुनेनं खोक्यातली दुसरी, कोरी तार लावली. साहेबांनी मोबाईलवर घड्याळ चालू केलं, आणि त्याच्यावर नीट नजर टाकायच्या आत फाईल पलीकडे गेली. त्यांनी पुन्हा पाठवायला लावली. पुन्हा गेली.

"धुळीनं होतं असं कधीकधी," साहेब म्हणाले, आणि सही केली.

धूळ म्हणे. मी काही बोलणार होते, पण सुनेनं पेढ्यांचं ताट माझ्या हातात देऊन मला दारापर्यंत आणून सोडलं.

त्या दुपारी जे काही सोसलं ते तिनं. मी तर नुसती खुर्चीवर बसून बोलत होते.