सारांशातलं शेवटचं वाक्य

आमच्या विभागातले विद्यार्थी बाईंना ‘मागचा बाक’ म्हणत. तोंडावर नाही अर्थात. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. उभी हयात त्यांनी प्राथमिक शाळांच्या वर्गांत मागच्या बाकावर बसून काढली. गुडघे पोटाशी, मांडीवर पॅड आणि पॅडवर वर्गाचा नकाशा, एकेका मुलाला एकेक चौकोन. मूल आपणहून बोललं की त्याच्या चौकोनात उभी रेघ, विचारल्यावर बोललं की आडवी. नाहीच बोललं तर चौकोन कोरा. संशोधन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं आणि काचेच्या नळ्या येतात. बाईंचं संशोधन हे असं होतं.

माझं टेबल त्यांच्या समोर. त्या रेघा आणायच्या, मी त्यांचे तक्ते करायचे. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून आमचं रोज वाजायचं. बाकी कशावरून कधी वाजलं नाही.

बाईंचं नाव झालं ते एका पेपरमुळे. बाकीचे पेपर आले तसे गेले. या पेपरातला प्रश्न साधा होता: पहिली-दुसरीच्या मुलांच्या बसायच्या जागा दर आठवड्याला बदलल्या तर काय होतं? उत्तर दोन वाक्यांत मावत होतं. पहिलं असं, की एकूण वर्ग जास्त बोलतो आणि वाचनही सुधारतं. दुसरं असं, की जी मुलं मुळातच गप्प असतात ती आणखी गप्प होतात, म्हणून हे सरसकट करू नये. बोलकी मुलं इतकी बडबडायला लागत की वर्गाची सरासरी वर जाई, आणि गप्प मुलं त्या सरासरीखाली दिसेनाशी होत.

पेपर छापायला गेला तेव्हा जर्नलच्या संपादकांनी कळवलं, सुरुवातीचा सारांश शब्दमर्यादेच्या बाहेर जातोय, शेवटचं वाक्य काढू का? आत सविस्तर आहेच. बाई म्हणाल्या, काढा. त्यांना वाटलं, पेपर हातात घेतलेला माणूस आत जाईलच. बाईंच्या हातून झालेली ही एक मोठी चूक, आणि असली चूक करायला संशोधकच लागतो. दुसरं कोणी लोकांच्या वाचनावर इतका विश्वास ठेवणार नाही.

आत कोण जातंय. आमच्या धंद्यात दुसऱ्याने आपल्या पेपरचा आधार दिला की त्याला सायटेशन म्हणतात. बढती, मान, परदेशचं बोलावणं, सगळं त्या संख्येवर चालतं. बाईंच्या पेपरला सायटेशन मिळाली ती शेकड्यांनी. एकाने सारांश वाचून आधार दिला, दुसऱ्याने पहिल्याचं वाचून, तिसऱ्याने दुसऱ्याचं. जागा बदला, मुलं सुधारतात, असं बाईंनी सिद्ध केलंय म्हणे. पुढे बाईंनी गप्प मुलांवर वेगळा पेपर लिहिला. माझ्या मते तो त्यांचा सगळ्यात चांगला पेपर. त्याला मिळालेली सायटेशन चार. त्यातली दोन बाईंची स्वतःची आणि एक माझं.

“दुरुस्ती का छापून घेत नाही?” मी अधूनमधून टोकायचे.

“अहो, पेपरात काही चुकीचं असेल तर दुरुस्ती. सगळं आत लिहिलंय की,” बाई म्हणायच्या. तेही खोटं नव्हतं, आणि मग मी खिडकीकडे वळायचे.

बाई लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. भाचीच्या घरी वरच्या मजल्यावर राहायच्या. भाचीची मुलगी त्यांना मावशीआजी म्हणायची. घरात या पोरीच्या तोंडाला विश्रांती नसे. जिन्यावरून उतरताना पायऱ्यांशी बोलेल, आंघोळीला पाण्याशी बोलेल. ती पहिलीत गेली आणि शाळेत तिच्या तोंडाला कुलूप लागलं. आधी शेजारच्या मुलीशी तिचं जरा जमलं होतं, कुजबुजायला लागली होती. मग बाक बदलला. दुसऱ्या शेजारणीशी जमेपर्यंत पुन्हा बदलला. हळूहळू ती शाळेतून घरी आल्यावरही गप्प बसायला लागली. भाची रडकुंडीला आली.

“मावशी, तू एवढ्या शाळा हिंडतेस, एकदा माझ्या मुलीच्या शाळेत चल ना,” ती म्हणाली.

दोघी गेल्या. मुख्याध्यापिका भल्या बाई होत्या. त्यांनी खुर्च्या दिल्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “काळजी करू नका. आम्ही दर सोमवारी सगळ्यांच्या जागा बदलतो. मुलं आपोआप बोलती होतात. संशोधनाने सिद्ध झालेली पद्धत आहे ही.” त्यांनी शिक्षकांसाठीची एक पुस्तिका काढून पुढे ठेवली. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत आमच्या बाईंचं नाव होतं.

“हे मीच लिहिलंय,” बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापिका खुर्चीतून उठल्याच. “अगंबाई. मग मी तुम्हाला काय सांगत बसलेय. तुमच्यामुळेच तर आम्ही हे सुरू केलं.” बाईंनी गप्प मुलांचं सांगून पाहिलं, पण छापील दुरुस्ती हाती आल्याशिवाय पुस्तिकेतली पद्धत बदलायची शाळेला मुभा नव्हती.

बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “घरचंच पोर त्या सरासरीखाली गेलं हो,” म्हणाल्या. त्याच दुपारी त्यांनी दुरुस्तीचा मजकूर लिहिला. काढलेलं वाक्य पुन्हा घालावं, आणि नुसता सारांश वाचून कुठल्याही शाळेने हा प्रयोग करू नये, एवढंच त्यात होतं.

आणि इथेच घोडं अडलं. प्राध्यापकपदाची मुलाखत तोंडावर आली होती. बाई निवृत्तीला टेकलेल्या, म्हणजे ही शेवटचीच संधी. आमच्या संस्थेच्या संचालकांनी बाईंना बोलावून घेतलं, तक्ते घेऊन मीही बरोबर होते.

“दुरुस्ती मुलाखतीनंतर पाठवा,” संचालक म्हणाले. “तुमची बहुतेक सगळी सायटेशन त्या एका पेपरची आहेत. दुरुस्ती छापली की त्याच्यावर शिक्का बसणार. समितीत कोण फरक करत बसतंय दुरुस्ती कुठली आणि चूक कुठली? काही आठवड्यांचा तर प्रश्न आहे.”

“मग छापून येईपर्यंत तिचं पहिलीचं वर्ष संपेल,” बाई म्हणाल्या.

“कोणाचं?”

बाईंनी सांगितलं नाही. संचालक वाईट माणूस नव्हते, त्यांना बाईंचं भलंच हवं होतं. जिना उतरताना मीही म्हणाले, “बाई, कशाला हे विकतचं दुखणं घेताय? मुलाखत होऊन जाऊ दे.”

“विकत कुठे घेतेय,” बाई म्हणाल्या. “माझंच आहे ते.” खोलीत आल्या आणि उभ्या उभ्याच त्यांनी मजकूर पाठवून दिला.

मुलाखतीत काय झालं ते समितीतल्या एकांकडून नंतर कळलं. तुमचं सगळ्यात प्रभावी काम कोणतं, असं विचारल्यावर बाईंनी चार सायटेशनवाला पेपर पुढे केला. ते लोक चक्रावले. “आणि याचा प्रभाव?” “अजून पडायचाय,” बाई म्हणाल्या. मोठ्या पेपरबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या, “तो लोकांनी अर्धाच वाचलाय. त्याची संख्या माझ्या खात्यात धरू नका.” समितीने त्यांचं म्हणणं मान्य केलं आणि खरोखरच धरली नाही.

पद गेलं शेजारच्या विभागातल्या एका गृहस्थांना. जागाबदलावर त्यांचे पेपरांवर पेपर होते आणि प्रत्येकाची सुरुवात बाईंच्या नावाने. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आमच्या खोलीत आले. “बाई, तुमच्या पेपरशिवाय हे झालंच नसतं,” म्हणाले. मनापासून म्हणाले, हे जास्त झोंबलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली, अभिनंदन केलं आणि विचारलं, “तुम्ही तो शेवटपर्यंत वाचलात का?” ते हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करताहेत.

दुरुस्ती छापून आली. थोड्याच दिवसांत तिला पहिलं सायटेशनही मिळालं. जागा बदलल्याने मुलं सुधारतात, या वाक्याला कुणा पठ्ठ्याने मूळ पेपर आणि दुरुस्ती असे दोन्ही आधार जोडले होते. मी ते दाखवलं तेव्हा बाई हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. मग त्यांनी दुरुस्तीची एक प्रत घेतली आणि त्या शाळेची वाट धरली.

मुख्याध्यापिकांनी ती उभ्यानेच वाचायला घेतली आणि वाचता वाचता खाली बसल्या. “म्हणजे आम्ही या गप्प मुलांचं नुकसानच केलं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नाही, मी केलं,” बाई म्हणाल्या. मग मुख्याध्यापिकांनी विचारलं, “आता या मुलांना कुठे बसवू?” बाईंनी सांगितलं, जिथे त्यांना बसावंसं वाटेल तिथे, आणि मग तिथून हलवू नका.

पोरीने पहिलीच शेजारीण मागून घेतली. तरी काही झालं नाही. बाई पुष्कळदा मागच्या बाकावर जाऊन बसल्या, पॅड घेऊन. दर वेळी तो चौकोन कोरा यायचा आणि बाई तो कागद माझ्या टेबलावर ठेवायच्या. निवृत्ती जवळ आली, कपाटं रिकामी व्हायला लागली. मुलाखतीचं नावही बाईंनी पुन्हा काढलं नाही. त्या चौकोनाचं मात्र मला रोज विचारायला भीती वाटायची.

परवा त्या आल्या आणि नेहमीसारखा कागद माझ्यापुढे ठेवला. पोरीच्या चौकोनात एक रेघ होती. वाकडीतिकडी, चौकोनाबाहेर गेलेली. इतक्या वर्षांत बाईंची अशी रेघ मी पाहिली नव्हती.

“ही उभी आहे की आडवी?” मी विचारलं.

“उभी. हात वर केला तिने.”

“वर्गाला काय विचारलं होतं?”

“सात आणि पाच किती.”

“मग?”

“पंधरा म्हणाली.”

“चुकलं की.”

“साफ चुकलं,” बाई म्हणाल्या, आणि चष्मा काढून त्या इतक्या रडल्या की मला उठून दार लावून घ्यावं लागलं.