रस्त्याचा उजवा अर्धा

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी कोयनानगरला प्रकल्पाच्या वर्कशॉपात फिटर होतो आणि कॉलनीत एकटा राहत होतो. आठवडा कामात निघून जायचा, पण रविवार काही केल्या सरायचा नाही. बदल्या होत होत शेजारची क्वार्टर्स एकेक करून रिकामी झाली होती. भूकंपाचे धक्के आणि भिंतीवरच्या चिरा यांची सवय झाली, पण शेजारच्या दारावरच्या कुलपाची कधी झाली नाही. कुणाशी बोलावं म्हटलं तर मेसचा आचारी होता, आणि त्याला भाजी कशी झाली एवढंच ऐकायचं असे.

म्हणून रविवारी दिवस कलला की मी मोटारसायकल काढायचो. शंभर सीसीची टू-स्ट्रोक, सेकंडहँड घेतलेली, आवाजाला दांडगी. हेळवाकवरून पुढे गेलं की कुंभार्ली घाट. खाली उतरायचं, पायथ्याला चहा घ्यायचा, परत चढायचं, बस्स. घाटानं मला गाडी शिकवली. चढाच्या वळणावर चढच गाडीला धरून ठेवतो, तिथं जरा जोरात शिरलं तरी चालतं. उताराच्या वळणाला मात्र सगळा वेग आधीच मारावा लागतो, वळणात ब्रेक दाबला की मागचं चाक हलकं होऊन भलतीकडे निघतं. आणि सगळ्यात मोठी शिस्त म्हणजे डावी बाजू सोडायची नाही. पुढचं दिसत नसेल तिथं हॉर्न द्यायचा आणि रस्त्याचा उजवा अर्धा समोरच्यासाठी मोकळा ठेवायचा.

समोरचा म्हणजे बहुतेक वेळा चिपळूणहून कराडला निघालेली एसटी. उतारावर एक वळण फारच बेतानं घ्यावं लागे, तिथं आमची गाठ पडायची. मी हॉर्न द्यायचो, खालून ती द्यायची. मग तिचं ते लाल धूड सगळा उजवा अर्धा व्यापून वर यायचं. ड्रायव्हरचा चेहरा मला धड कधी दिसला नाही. तो स्टिअरिंगवरून हात जरासा उचलायचा, मीही उचलायचो. आठवड्याभरात मला कुणी आपणहून हात करत असेल तर तो हाच माणूस, असं तेव्हा मनात यायचं आणि माझं मलाच हसू यायचं.

अशाच एका रविवारी सांगलीचे एक गॅरेजवाले जीपमधून कोकणात चालले होते. त्यांनी मला घाट उतरताना पाहिलं आणि पायथ्याच्या चहाच्या टपरीवर गाठलं. त्यांची स्वतःची रेसची टीम होती. मिरजेच्या पुढं माळावर, टेकडीला वळसे घेत, एक कच्चा ट्रॅक आखला होता आणि तिथं लवकरच रेस होती. पहिल्या तिघांत आलास तर टीममध्ये घेतो, असं त्यांनी मला सरळ सांगितलं. टीमची पोरं टेम्पोत गाड्या टाकून कधी पुण्याला, कधी नाशिकला जातात, वाटेत रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवून मटण करतात, असंही बोलता बोलता सांगून गेले.

माझ्या डोक्यात तो टेम्पो घर करून बसला. ट्रॉफीचं मला खरंच काही नव्हतं. वर्कशॉपात माझ्या कामाचं कौतुक होत होतं, कौतुकानं संध्याकाळ जात नाही हे मला चांगलं कळून चुकलं होतं. मला त्या टेम्पोत, गाड्यांच्या चाकांमध्ये पाय दुमडून, चार जणांत बसायचं होतं.

रेसच्या सकाळी ट्रॅक बघितला आणि मी मनातल्या मनात खूश झालो. शहरातली पोरं तोंडं वाकडी करत होती, कारण ट्रॅक सपाट कुठं नव्हताच. सुरुवातीलाच चढ, चढाच्या माथ्यावर पलीकडचं काही न दिसणारं उजवं वळण, मग घसरता उतार आणि तळाशी डावीकडे गपकन वळणारा कोपरा. म्हणजे आमचा घाटच, फक्त दरी नसलेला. नियमाप्रमाणे मी हेडलाइट आणि हॉर्न काढून पिशवीत टाकले.

झेंडा पडला. चढावर मी दोघांना मागं टाकलं. माथ्यावर पुढचं चाक हलकं झालं, तेही सांभाळलं. उतारावर बाकीचे उशिरा ब्रेक मारून सरकत होते, मी आधीच वेग मारून शांतपणे उतरत होतो. तिसरा होतो आणि तिसराच राहत होतो. पण कोपऱ्याकोपऱ्याला काहीतरी हातचं जात होतं. माथा आला की माझा डावा अंगठा हॉर्नचं बटण शोधायचा. बटण होतं, मागं हॉर्न नव्हता. तळाच्या डाव्या कोपऱ्याला पोरं पार उजव्या कडेला जाऊन तिरकी आत घुसायची, आणि मी डावीकडेच चिकटून, गाडी जवळजवळ थांबवून वळायचो. कशासाठी, ते तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

शेवटच्या फेरीला माथ्यावर मागून आवाज आला. मी डाव्या कडेला होतो, वळण उजवं होतं, आणि माझ्या उजवीकडे अर्धा ट्रॅक साफ मोकळा पडला होता. एक पोरगा त्यातून निघून गेला. पुढच्या उतारात मी त्याला गाठू शकलो नाही. मी चौथा आलो.

गॅरेजवाले माझ्याकडे आले, पाठीवर हात ठेवला. चिडलेले नव्हते, त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"गाडी लय भारी मारलीस गड्या. पर त्यो उजवा अर्धा कुणासाठी सोडत हुतास रं? समोरनं कोण येणार हुतं?"

"एसटी," माझ्या तोंडून निघून गेलं.

टीमची पोरं पोट धरून हसली. मीही हसलो, न हसून करतो काय. मग त्यांनी गाड्या टेम्पोत चढवल्या, फळी लावली आणि गेले. जाताना गॅरेजवाले म्हणाले, पुढल्या वर्षी ये. पुढल्या वर्षापर्यंत किती रविवार येतात हे त्यांना कुठं ठाऊक असणार. मी माळावर बसून हेडलाइट आणि हॉर्न परत बसवले.

वाटेत आष्टा लागलं. तिथं माझ्या थोरल्या भावाचं घर, पण त्याला रेसचं काही सांगितलं नव्हतं. थांबलो असतो तर कुठून आलास हे आलंच असतं. तसाच पुढं निघालो, कराड गेलं, पाटण गेलं. कोयनानगरला कॉलनीचं वळण आलं तेव्हा गाडी आत घालवेना. उन्हं उतरली होती. मी सरळ घाटात गेलो.

त्या अवघड वळणाच्या अलीकडे हॉर्न दिला. काही ऐकू आलं नाही. आज तीही चुकली, असं वाटलं. पुन्हा दिला, जरा लांबवून. तेव्हा खालून तिचा भसाडा आवाज आला.

ती वर आली आणि मी सोडलेल्या उजव्या अर्ध्यातून, नेहमीसारखी, सगळा रस्ता आपलाच असल्यागत निघून गेली. ड्रायव्हरनं हात उचलला. मलाही उचलायचा होता, पण मला रडू कोसळलं होतं आणि हँडल सोडायचा धीर झाला नाही. त्याला वाटलं असेल, आज हा ओळख विसरला.