सुकटाच्या डब्यातल्या गोळ्या

"मॅडम, हाय रिस्क एक्स्पोजर आहे," कॅज्युअल्टीतला डॉक्टर म्हणाला. म्हणजे जास्त धोक्याचा संपर्क. दुसऱ्या बाईच्या ताज्या रक्ताने भरलेली सुई माझ्या तळहातात घुसली होती आणि त्या रक्तात एचआयव्ही असू शकत होता. हे शब्द त्याच्या बॅचला मीच शिकवले होते.

मी एपिडेमिऑलॉजिस्ट आहे. रोग कुणाला होतो, का होतो, कसा पसरतो हे शोधणारी डॉक्टर. माझी सगळी नोकरी एचआयव्ही आणि विषाणूंमुळे होणाऱ्या कॅन्सरच्या मागे धावण्यात गेली. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस नावाच्या विषाणूमुळे होतो. एचआयव्ही असलेल्या बाईला तो लवकर गाठतो, पण आधीच सापडला तर बाई वाचते. त्याच तपासणीचं शिबिर आम्ही कोळ्यांच्या तारोडी गावात घेतलं होतं. बोटी समुद्रात असल्या की बायका मोकळेपणी येतात, म्हणून दिवस तसा निवडला होता. नेमका वादळाचा इशारा आला आणि बोटी दुपारीच परत किनाऱ्याला लागल्या.

आधी एचआयव्हीच्या चाचणीसाठी मी मंदाचं रक्त घेत होते. हे तिचं खरं नाव नाही. तिचा नवरा आत आला तो टेबल उलथवतच. "कोनाला इचारून आलीस गं इथं?" म्हणत त्याने तिच्या झिंज्या धरल्या. मी मध्ये पडले. त्याने मला भिंतीवर आदळलं आणि माझ्या उजव्या हातातली सुई माझ्याच डाव्या तळहातात गेली. रक्ताची नळी जमिनीवर फुटली. तो मंदाला फरफटत घेऊन गेला. दाराच्या चौकटीवर तिचा हात कडाडून आपटला, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तुम्हाला कधी अशी सुई लागली तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. पिळू नका, चोखू नका. लगेच सरकारी रुग्णालय गाठा. पोस्ट एक्स्पोजर प्रोफिलॅक्सिस, म्हणजे संपर्कानंतर विषाणूला शरीरात घर करू न देणारी औषधं, बहात्तर तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात. जितकी लवकर तितकी बरी. ती अठ्ठावीस दिवस घ्यायची.

"सोर्स पेशंटला बोलावूया का?" डॉक्टरने विचारलं. सोर्स पेशंट म्हणजे जिचं रक्त लागलं ती. "तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर तुमच्या गोळ्या थांबवता येतील."

मंदाला एचआयव्ही आहे की नाही, मला माहीत नव्हतं. जाणून घ्यायची घाई मला नव्हती असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण इस्पितळातून बोलावणं गेलं असतं तर त्या माणसाने तिला जिवंत सोडलं नसतं. मी नको म्हणाले. पोलिसांत तक्रारही केली नाही, त्याच भीतीने. गावातल्या आशा सेविकेने आडून चौकशी केली. हात मोडलाय, पण बाई जिवंत आहे, एवढं कळलं.

घाबरू नका, असं मी आयुष्यभर पेशंटना सांगत आले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या घरी मी सकाळी गोळी घ्यायचे आणि दुपारपर्यंत ओकत असायचे. नवऱ्याने भाजी चिरताना बोट कापून घेतलं तर मी त्याच्या अंगावर ओरडले, सुरी हिसकावून घेतली. डोळा लागला की मंदाचा नवरा दिसायचा. स्वप्नात मी त्याचं डोकं त्याच चौकटीवर आपटत असे, पुन्हा पुन्हा, आणि जाग आल्यावर वाईट वाटायचं ते फक्त स्वप्न संपल्याचं. हात शिवशिवायचे. डॉक्टरबाईला हे शोभत नाही म्हणे. नसू दे.

गोळ्यांचा कोर्स संपत आला होता. एका सकाळी ओपीडीबाहेरच्या बाकावर मंदा बसलेली दिसली. हाताला प्लास्टर, जबड्यावर पिवळा पडत चाललेला वळ. बोटी पुन्हा समुद्रात गेल्या होत्या.

"मॅडम, मना हाय तो आजार," तिने बसल्याबसल्याच सांगितलं. "त्याच्याकरनंच आला. तो तपासाया जात न्हाय. पन माजी गोली येक दिस चुकली न्हाय. सुकटाच्या डब्यान ठेवतंय. तो डबा घरान दुसरं कोन उघरीत न्हाय."

तिची परवानगी घेऊन मी तिच्या एआरटी केंद्राला फोन केला. एआरटी केंद्र म्हणजे एचआयव्हीची औषधं मोफत मिळतात ते ठिकाण. तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, इतका खाली होता की यंत्राला सापडतच नव्हता. अशा रक्तातून मला लागण होण्याची भीती फारच थोडी होती. उरलेला कोर्स मात्र पुरा करायचा होता.

मी तिच्यासमोर ढसाढसा रडले. चिंबोरीची नांगी मोडावी तसा हात मोडणाऱ्या माणसाच्या घरात राहून या बाईने रोज गोळी घेतली होती. मी वाचले होते ती तिच्यामुळे.

"रडू नका," ती म्हणाली. "माजी ती दुसरी तपासनी रायली ना? ती करा."

तपासणीत कॅन्सरच्या आधीचा डाग निघाला. थर्मल अॅब्लेशनने, म्हणजे उष्णता देऊन, तो त्याच दिवशी जाळून टाकला. मंदा टेबलावरून उतरली, पदर नीट केला.

"आता चौकीन चला. तुमी तुमचा हात दाखवा, मी माजा दाखवतंय."

आम्ही गेलो. तक्रार लिहून घेईपर्यंत दोघींपैकी कुणी खुर्ची सोडली नाही. त्याची बोट परतली तेव्हा पोलीस धक्क्यावर उभे होते.

तीन महिन्यांनी माझा शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. पहिला फोन मी मंदाला केला. ती आता आईकडे राहते. येताना घरातून तिने एवढी एकच वस्तू आणली, तो डबा. गोळ्या आता उघड्यावर, फळीवर पाण्याच्या तांब्याशेजारी असतात. डब्यात फक्त सुकट आहे.