पाण्याचे रोखे आणि नकाशातला फणस

ग्रामपंचायतीच्या कपाटात फायली किती, हे विचारलंत तर सांगता येईल. किस्से किती, ते नाही. पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या वरच्या अंगाला एका गावात मी ग्रामसेवक होतो. तिथल्या पाण्याच्या ठरावाचेच किस्से इतके साचलेत, की चहा संपतो पण ते संपत नाहीत.

*

पाणी योजना आणि सार्वजनिक बागांसाठी सरकारी रोखे काढायचं चाललं होतं. मुंबईपासून गावापर्यंतच्या लोकांनी रोखे विकत घ्यायचे, त्यातून कामं करायची, आणि पैसे पुढे व्याजासकट लोकांना परत. त्याला ग्रामसभेचा पाठिंबा हवा होता. आता आमची ग्रामसभा म्हणजे मी, सरपंच सुनंदाताई आणि शिपाई गंगाराममामा! कोरम म्हणून कधी व्हायचा नाही.

मी मामांना सांगितलं, "पाण्याच्या रोख्यांसाठी सभा आहे, स्पीकरवरून पुकारा."

मामांनी गावभर पुकारलं, "उद्या धा वाजता पानी रोखायसाठी सभा हाय!"

दुसऱ्या दिवशी पटांगणात पाय ठेवायला जागा नाही. बाया रिकामे हंडे घेऊन पुढे! "कोन रोखतोय आमचं पानी?"

सुनंदाताई हळूच माझ्या कानात म्हणाल्या, "भाऊसाहेब, आधी हजेरीच्या सह्या घ्या. खुलासा मागाहून!"

*

खुलासा झाला, तसे म्हातारे बाळारामदादा उभे राहिले.

"मुंबयची मानसं आमच्या पान्याला पैसं देतील? माजे दोन पोरगे मुंबयत हायत, ते फोन पन करीत नाय!"

सभा खो खो हसली. कुणीतरी ते मोबाईलवर शूट करून मुंबईकरांच्या ग्रुपवर टाकलं. दहा मिनिटांत दादांचा फोन वाजला. थोरला होता.

"बाबा, मी घेतो एक रोखा. पण सगळ्या गावासमोर असं बोलू नका ना!"

दादांनी फोन खिशात टाकला. डोळे पुसले आणि मला म्हणाले, "भाऊसाहेब, रोखे निघायच्या आधीच फायदा झाला. लिवा माजा पाठिंबा!"

*

पाण्याला सगळ्यांचे हात वर. बागेला मात्र पुरुषांचा विरोध. "चारी बाजूंनी जंगल हाय, बाग कशाला?"

सुनंदाताईंनी विचारलं, "जंगलात बसायला बाक आहे का?"

सगळ्या बायांचे हात एकदम वर! एकाने बायकोला दटावलं, "तू काय करनार गो बागेत?"

"काय नाय करनार," ती म्हणाली. "तेच तर करायचंय!"

ठराव मंजूर.

*

टाकीला जागा दिली सखूकाकींनी. एकट्या बाई, वरच्या बांधावरची तेवढीच सपाट जमीन. बक्षीसपत्रावर अंगठाही उठवला. पण इंजिनिअरसाहेब म्हणाले, "हा फणस तोडावा लागेल."

काकींनी अंगठा पुसला. "मग टाकी तुमच्या घरात बांधा."

साहेब दोन तास उन्हात फिरले, मोजमापं केली, टाकी जरा सरकवली. काकींचा विश्वास बसेना. "कागदावर दाखवा!"

आजही मंजूर नकाशात ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे: पाण्याची टाकी, व्हॉल्व्ह, फणस!

काकींचे आणि साहेबांचे आभार कुठल्या ठरावात मांडायचे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

*

आणि आता हे ऐका. नळ सुरू झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी आणि सुनंदाताई व्हॉल्व्ह बघायला निघालो होतो. समोरून पारूआजी येताना दिसल्या. वय ऐंशीच्या पुढे. लग्न होऊन आल्यापासून खालच्या झऱ्यावरून पाणी वाहिलेलं. डोक्यावर कळशी आणि पाय झऱ्याच्या वाटेला.

सुनंदाताईंनी विचारलं, "आजी, नळाला पाणी आलंय ना! सवय सुटत नाही का?"

"आलंय गो. नळावरनंच भरलंय."

बघतो तर कळशी काठोकाठ भरलेली! घरातून पाणी भरून आजी डोंगर उतरत होत्या.

"मग ही भरलेली घेऊन खाली कुठे?"

आजी थांबल्या. पदराने गळ्यावरचा घाम टिपला.

"झऱ्याला. आता उन्हाळ्याचा आटलाय तो. इतकी वरसं त्यानं पाजलान. आज आमच्याकडचं."

आणि एक हात कळशीला लावून, जपून पाय टाकत, आजी उतरून गेल्या.